पहिल्या चाचणीवर थांबू नका : हिपॅटायटिस सीबाबत आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : हिपॅटायटिस सीची दुसरी चाचणी पहिल्याच रक्तनमुन्यावर करण्याबाबत

महोदय,

शिवजयंती असो, गणेशोत्सव असो की एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस, महाराष्ट्रात रक्तदान शिबिराला दाते कमी पडत नाहीत. मंडपात खाटा पडतात, पोरे रांग लावतात, चहा-बिस्किटे आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. पिशव्या रक्तपेढीत पोहोचल्या की प्रत्येकीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच आजारांसाठी तपासणी होते. एखाद्या पिशवीत हिपॅटायटिस सीच्या खुणा आढळल्या तर ती बाजूला काढून नष्ट केली जाते. पिशवीचे काय करायचे याचे नियम पक्के आहेत. ती ज्याच्या अंगातून आली त्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा कुणाचाच नसतो. फार तर एक फोन जातो : तुमच्या रक्तात दोष निघाला आहे, डॉक्टरांना दाखवून घ्या. कोणत्या डॉक्टरांना, कुठे, कोणती तपासणी, काही सांगितले जात नाही. कधी फोन लागत नाही, कधी नंबर बदललेला असतो.

हे पत्र त्या माणसासाठी आहे. तो औषधावाचून मागे राहिलेला नाही. औषध आहे, ते सरकार फुकट देते आणि त्याने आजार मुळापासून बरा होतो. तो मागे राहतो पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीच्या मधल्या जागेत.

पहिली चाचणी रक्तातल्या अँटिबॉडी शोधते. विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला, एवढेच ती सांगते. तो आजही आहे का, हे तिला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार लागण झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांचे शरीर सहा महिन्यांच्या आत विषाणूला आपोआप हुसकावून लावते. अँटिबॉडी मात्र त्यांच्याही रक्तात राहतात. उरलेल्या ७० टक्क्यांत आजार जुनाट होऊन बसतो. या दोन गटांना वेगळे करते ती दुसरी चाचणी, विषाणूचा आरएनए मोजणारी. खासगी प्रयोगशाळेत तिला काही हजार रुपये पडतात. सरकारच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात ती मोफत आहे, पण त्यासाठी रुग्णाला पुन्हा रजा टाकून, पुन्हा एसटीचे भाडे भरून जिल्ह्याच्या गावी जावे लागते. अंगात ताप नाही, डोळे पिवळे नाहीत, काम नेहमीसारखे होते आहे. मग कोण जातो?

जुनाट हिपॅटायटिस सीची खरी अडचण हीच आहे की तो वर्षानुवर्षे काहीच जाणवू देत नाही. आपल्याकडे लिव्हरचा आजार म्हटला की लोकांना कावीळ आठवते आणि कावीळ म्हटली की माळ घालणारा किंवा झाडपाला देणारा. या आजारात बहुतेकांना कावीळ होतच नाही. थोडा थकवा, थोडी अंगदुखी. ती वयाच्या आणि कामाच्या खात्यावर जमा होते. आत मात्र लिव्हरमध्ये व्रण साठत असतात. २० वर्षांत १५ ते ३० टक्के रुग्णांच्या लिव्हरचे सिरोसिसमध्ये रूपांतर होते. दारूची जोड असेल, हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्हीची सोबत असेल, तर त्याहूनही लवकर.

सिरोसिस झालेला रुग्ण मेडिसिनच्या वॉर्डात येतो तेव्हा तो कसा दिसतो, हे आपल्या खात्यातले कोणतेही डॉक्टर सांगतील. दंड काटकुळे, पोट ताणलेले, बेंबी बाहेर आलेली. पाय इतके सुजलेले की चपलेचा अंगठा बसत नाही. पोटात सुई घालून पाणी काढले तर पंधरा दिवसांत पुन्हा भरते. लिव्हरमधून रक्त नीट वाहत नाही म्हणून अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि एखाद्या रात्री फुटतात. घरच्यांनी पुढे धरलेले घमेले रक्ताने भरते. जो वाचतो त्याला एंडोस्कोपीतून शिरांना रबरी बँड बांधून घ्यावे लागतात. पुढे दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात गोंधळ, हातांना थरथर सुरू होते, कारण लिव्हरने गाळायची विषद्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचलेली असतात. शेजारीपाजारी कुजबुजतात की भरपूर पीत असणार. ज्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्याच्या बायकोला हे ऐकून घ्यावे लागते.

आणि लिव्हरचा कर्करोग. सिरोसिस झालेल्यांत तो दरवर्षी काही जणांना गाठतो. शिवाय हा विषाणू लिव्हरपुरता थांबत नाही. रक्तात थंडीने गोठणारी प्रथिने तयार होऊन पायांवर लालसर पुरळ उठते, किडनीच्या चाळणीला सूज येते, मधुमेहाचा धोका वाढतो, काही रुग्णांत लसिकाग्रंथींचा कर्करोग होतो. त्वचारोगतज्ज्ञ, किडनीतज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ असे तीन दरवाजे फिरूनही मूळ कारण सापडत नाही, कारण हिपॅटायटिस सीची साधी तपासणी कुणी लिहून दिलेली नसते.

महोदय, या विषाणूवर विज्ञानाने मिळवलेला विजय विलक्षण आहे. सत्तरच्या दशकात हार्वे ऑल्टर यांनी दाखवून दिले की रक्त चढवल्यानंतर होणारा एक हिपॅटायटिस ए-ही नाही आणि बी-ही नाही. १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूचा छडा लावला. पुढे चार्ल्स राइस यांनी तो एकटाच आजार घडवू शकतो हे सिद्ध केले. या तिघांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. विषाणू सापडल्यानंतरही कित्येक वर्षे उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शने होती : सहा महिने ते वर्षभर, सोबत ताप, केस गळणे, नैराश्य, आणि एवढे सोसूनही अनेकांत विषाणू तसाच.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या औषधाला मान्यता मिळाली. १२ आठवड्यांच्या कोर्सची तिथली किंमत ८४ हजार डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या दराने ५० लाख रुपयांहून जास्त. २०१४ मध्ये गिलियड कंपनीने भारतीय कंपन्यांना हे औषध बनवण्याचे परवाने दिले. त्यांत मुंबईची सिप्लाही होती. स्पर्धा सुरू झाली आणि किमती कोसळल्या. आज सिरोसिस नसलेल्या रुग्णाला सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर १२ आठवडे घ्यावे लागते. सिरोसिस असेल तर सोफोसबुविरसोबत वेल्पाटासविर दिले जाते, आणि लिव्हर फारच थकलेले असेल तर रिबाविरिनची भर घालतात किंवा उपचार २४ आठवडे चालवतात. दहातले नऊ रुग्ण, बहुधा त्याहून जास्त, पूर्ण बरे होतात. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू नसेल, तर तो गेला.

२८ जुलै २०१८ रोजी केंद्राचा राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि ही औषधे व तपासण्या मोफत झाल्या. २०३० पर्यंत हिपॅटायटिस सीचे उच्चाटन, हे त्याचे उद्दिष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या रुग्णांचा अंदाज ५५ लाख आहे. जगभरात २०२२ अखेर निदान झालेले होते फक्त ३६ टक्के, आणि औषध मिळालेले २० टक्के.

पंजाबने दिल्लीची वाट पाहिली नव्हती. २०१६ मध्ये त्या राज्याने स्वतःच्या पैशाने मोफत उपचार सुरू केले. चंडीगडच्या पीजीआयने डॉ. राधाकृष्ण धीमान यांच्या मार्गदर्शनाखाली जिल्हा रुग्णालयांतल्या साध्या फिजिशियनना प्रशिक्षण दिले, सोपी पद्धत आखून दिली. महागडे यंत्र नसले तरी एसजीओटी आणि प्लेटलेट या दोन स्वस्त तपासण्यांच्या आकड्यांवरून सिरोसिसचा अंदाज बांधायचा, गुंतागुंत असेल तोच रुग्ण वर पाठवायचा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४८ हजारांवर रुग्ण होते आणि उपचार पूर्ण करून तपासणी झालेल्यांत बरे होण्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक. लिव्हरतज्ज्ञाची वाट न पाहता तालुक्या-जिल्ह्याचा डॉक्टर हे काम करू शकतो, याचा यापेक्षा मोठा पुरावा नको.

इजिप्तची गोष्ट आणखी बोलकी आहे. पन्नासच्या दशकापासून तिथे शिस्टोसोमा या कृमीविरुद्ध सरकारने इंजेक्शनची मोहीम चालवली. सुया नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्या गेल्या आणि देशभर हिपॅटायटिस सी पसरला. सरकारी मोहिमेतून आलेला आजार सरकारने अंगावर घेतला. २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी केली, सापडलेल्यांना मोफत औषध दिले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इजिप्तला उच्चाटनाच्या वाटेवरचा ‘सुवर्ण’ दर्जा दिला.

महाराष्ट्रात या आजाराचे प्रमाण पंजाबइतके नाही, इजिप्तइतके तर मुळीच नाही. म्हणून घरोघरी सुई घेऊन फिरण्याची इथे गरज नाही. पण याच कारणामुळे, जिथे माणसे आधीच तपासली जात आहेत तिथला एकही माणूस हातचा जाऊ देणे परवडणार नाही. रक्तपेढी हे त्यातले पहिले ठिकाण. दुसरे ऑपरेशनपूर्वीची तपासणी. मोतीबिंदू, हर्निया, सिझेरियन, कशाच्याही आधी एचआयव्ही, बी आणि सी पाहतात. सी पॉझिटिव्ह आला की केस यादीत शेवटी जाते, कधी पुढे ढकलली जाते. ऑपरेशन उरकते, टाके निघतात, डिस्चार्ज कार्डाच्या कोपऱ्यात ‘एचसीव्ही रिअॅक्टिव्ह’ एवढा शेरा राहतो. कार्ड घरी प्लास्टिकच्या पिशवीत जाते.

यावर उपाय ठाऊक आहे आणि खर्चिक नाही. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच रक्तनमुन्यावर आरएनएची चाचणी आपोआप व्हावी. रुग्णाला पुन्हा बोलवायची वेळच येऊ नये. यंत्रांची सबब सांगता येणार नाही. क्षयरोग कार्यक्रमासाठी आणि नंतर कोविडसाठी सीबीनॅट आणि ट्रूनॅट यंत्रे आपल्या रुग्णालयांत आलेली आहेत. ट्रूनॅट तर शेजारच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे. या यंत्रांवर हिपॅटायटिस सीचा विषाणूही मोजता येतो. त्यासाठी वेगळी कार्ट्रिज किंवा चिप लागते. क्षयरोग विभाग आणि हिपॅटायटिस विभाग यांनी एकत्र बसून यंत्राचे तास वाटून घ्यायचे आहेत. तो आदेश आपल्या सहीने निघू शकतो.

तिसरे ठिकाण डायलिसिस केंद्र, आणि तिथली निकड सर्वांत मोठी. आठवड्यातून दोन-तीन वेळा रुग्णाचे रक्त नळ्यांतून बाहेर जाऊन परत येते. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची एकच बाटली अनेक रुग्णांना वापरली, घाईत हातमोजे बदलले नाहीत, खुर्चीच्या हातावरचा रक्ताचा डाग पुसायचा राहिला, की विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च सरकार देते. मग ज्या केंद्राला हे पैसे मिळतात त्याला सहा महिन्यांनी सर्व रुग्णांची सी तपासणी आणि पॉझिटिव्ह रुग्णाचा उपचार सक्तीचा का नसावा? किडनी निकामी असलेल्यांना सोफोसबुविर द्यायला पूर्वी डॉक्टर कचरत. २०१९ मध्ये अमेरिकी एफडीएने डायलिसिसवरच्या रुग्णांतही मात्रा न बदलता त्याच्या वापराला परवानगी दिली. थॅलेसेमियाची मुले आणि सुईने नशा करणारे तरुण हेही याच रांगेतले. आणि एक विसरलेला गट : दात्यांच्या रक्तात सीची तपासणी सक्तीची होण्यापूर्वी, म्हणजे ढोबळमानाने २००१ पूर्वी, बाळंतपणात किंवा अपघातात ज्यांना रक्त चढले ते आज पन्नाशी-साठीत आहेत. आरोग्यवर्धिनी केंद्रात रक्तदाब मोजताना “तुम्हाला कधी रक्त चढवले होते का?” एवढा एक प्रश्न विचारला, तरी त्यांतले कित्येक सापडतील.

बरे झालेल्यांनाही आपल्या खात्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, लेखी प्रमाणपत्र. विषाणू गेला तरी अँटिबॉडी आयुष्यभर राहतात, आणि पहिल्याच चाचणीवर शिक्का मारणाऱ्यांची कमी नाही. आखाती देशांत नोकरीला निघालेला रत्नागिरीचा पोरगा वैद्यकीय तपासणीत अँटिबॉडीवरून अपात्र ठरतो. परदेशाचे नियम आपल्या हातात नसले, तरी राज्यातल्या नोकऱ्यांत, नर्सिंगच्या प्रवेशात आणि विम्यात आरएनएचा अहवालच ग्राह्य धरावा, हे आपण ठरवू शकता. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, आईच्या दुधाने हा आजार पसरत नाही, हेही सरकारी आवाजात सांगितले जायला हवे. दुसरी गोष्ट, पाठपुरावा. उपचारापूर्वीच सिरोसिस झालेला असेल तर विषाणू गेल्यावरही कर्करोगाचा धोका उरतो. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागते. मोफत औषध दिले आणि हे सांगितलेच नाही, तर बरा झालेला रुग्ण चार वर्षांनी गाठ घेऊन परत येतो. आणि हा आजार पुन्हाही होऊ शकतो, लस नाही, म्हणून सुरक्षित सुईचा आग्रह सोडता येत नाही.

म्हणून विनंती अशी, की येत्या २८ जुलैला, जागतिक हिपॅटायटिस दिनी, पोस्टर आणि शपथ यांच्यासोबत आपण जिल्हावार चार आकडे जाहीर करावेत : पहिल्या चाचणीत किती जण पॉझिटिव्ह आले, त्यांतल्या कितींची आरएनए चाचणी झाली, कितींना औषध सुरू झाले आणि किती बरे झाल्याचे तपासून पाहिले. पहिल्या दोन आकड्यांत जिथे सर्वांत मोठे अंतर दिसेल, त्या जिल्ह्याच्या शल्यचिकित्सकांना त्याच आठवड्यात बैठकीला बोलवावे, आणि रक्तपेढीच्या व डायलिसिस केंद्राच्या प्रमुखांनाही त्या बैठकीत बसवावे.

कळावे,

आपला नम्र,
आरोग्य विषयावर लिहिणारा एक पत्रकार