कमरेला विचारून यंत्र घ्या

व्यायामाचा रबरी पट्टा मागवला की त्याच्यासोबत एक छोटी गुंडी येते. ती दाराच्या फटीत अडकवायची, दार घट्ट लावून घ्यायचे आणि मग पट्टा ओढायचा, असे पुडक्यावर चित्र असते. आमच्या शनिशिंगणापुरात हे जमायचे नाही. घराला चौकट आहे, कवाड नाही. पट्टा शेवटी पडवीतल्या खांबाला बांधला. कवाड नसल्याचा दुसरा परिणाम असा की मी तो ओढत असताना येणारा-जाणारा थांबून सल्ला देतो. त्या सल्ल्यांना कंटाळूनच हे लिहायला घेतले आहे.

देवस्थानाच्या वाटेवर माझे पूजासाहित्याचे दुकान आहे. पंधरा किलोचे तेलाचे डबे, नारळाची पोती, काळे उडीद, रुईच्या पानांच्या माळा. शनि अमावास्येला पहाटेपासून रात्रीपर्यंत वाकणे आणि उचलणे चालूच असते. आमच्या रांगेत कंबर न दुखणारा दुकानदार मुद्दाम शोधावा लागेल. तीच गत मुळा कारखान्याच्या उसाच्या मोळ्या वाहणाऱ्यांची, घोडेगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलणाऱ्यांची, शिर्डी-शिंगणापूर गाडी चालवणाऱ्यांची. पूर्वी उसण भरली की कोणीतरी चोळून द्यायचे. आता मोबाइल उघडला की जाहिरात हजर: पोट फिरवायची चकती, उलटे टांगून घ्यायचे टेबल, थरथरणारी पाटी. आमच्याकडे भाविकांच्या गाडीमागे लटकू, म्हणजे दलाल, धावतात, तशा या जाहिराती एकदा मागे लागल्या की सोडत नाहीत.

माझे म्हणणे सरळ आहे. दुखऱ्या कमरेच्या माणसाने यंत्र घेताना ते चरबी किती जाळते हे विचारू नये. यंत्रावर असताना पाठ कुठल्या अवस्थेत राहते ते पाहावे. वाकवणारे, पिळवटणारे आणि आदळणारे यंत्र दुकानातच ठेवावे.

याला आधार आहे. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाचेमसन यांनी 1960-70च्या दशकांत माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभे असतानाचा दाब 100 धरला, तर उताणे झोपल्यावर तो 25 भरला आणि बसून पुढे वाकल्यावर 185. पुढच्या मोजण्यांमध्ये ताठ बसण्याचा दाब त्यांच्या आकड्यापेक्षा कमी निघाला, पण वाकण्याबद्दलचा निष्कर्ष टिकला. म्हणून स्टँडवरची सायकल घ्यायची तर शर्यतीच्या सायकलसारखी हँडलवर ओणवे करणारी नको. पाठीला टेकू असलेली, पाय पुढे पसरून मारायची सायकल महाग पडते, पण पैसे तिच्यावरच घालावेत. वल्हवायचे यंत्र गुडघ्यांना सोसते म्हणून कमरेलाही सोसेल, असे समजू नये. प्रत्येक ओढीला त्यात कंबर गोल होते, आणि ती सरळ ठेवायला शिकवणारा माणूस शेजारी नसतो.

आदळण्याचा हिशेबही तसाच. धावताना प्रत्येक पावलाला जमीन शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट धक्का परत देते, चालताना तो वजनाहून थोडाच जास्त असतो. ट्रेडमिलवर धावू नये, चालायला हरकत नाही. क्रॉस ट्रेनरवर पाऊल पायट्यावरून उचललेच जात नाही, त्यामुळे धक्का जवळपास नाही. कमरेएवढ्या पाण्यात तर निम्मे वजन पाणीच उचलते. मात्र हे वाचून कोणी शेततळ्यात उतरू नका. प्लास्टिकच्या निसरड्या कडेवरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

आता खुल्या व्यायामशाळांकडे येतो. खरी तक्रार तिथेच आहे. क्रीडा खात्याची व्यायामशाळा विकास योजना असो की आमदार निधी, गावोगावी लोखंडी यंत्रे उभी राहिली. चांगलेच झाले, बायाबापड्याही सकाळी तिथे दिसू लागल्या. पण जाल तिथे तोच संच: उभे राहून कंबर फिरवायची चकती, उताराचा सिट-अपचा बाक, झोके घ्यायचा एअर वॉकर. ज्याची कंबर धरली आहे तो नेमका चकतीवरच चढतो, कारण ती कमरेसाठीच आहे असे त्याला वाटते. आपण वळतो ते मुख्यतः मान, छाती आणि खुब्यातून. कमरेचे पाचही मणके मिळून एका बाजूला जेमतेम दहा अंशांच्या आसपास वळतात. शरीराचे वजन टाकून आणि झटका देऊन चकती फिरवणे दुखऱ्या कमरेच्या कामाचे नाही. सिट-अपच्या बाकाचे सांगायचे तर कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी मोजले आहे. एका सिट-अपला कमरेच्या मणक्यांवर साधारण 3300 न्यूटन, म्हणजे सव्वातीनशे किलोहून जास्त भार येतो. आमच्या दुकानातले बावीस डबे एकावर एक. त्याच मॅकगिलनी सुचवलेले तीन व्यायाम सतरंजीवर होतात, यंत्र लागत नाही. एअर वॉकर मी काढायला सांगणार नाही, पण झोका लहान हवा. पोरे पाय आभाळाला नेतात ते पाहून पन्नाशीतल्यांनी तसे करू नये.

कोणी म्हणेल, मग सूर्यनमस्कार बरे. तरण्या, निरोगी पाठीला बरेच. कंबर धरलेली असताना रोज पायाच्या अंगठ्यापर्यंत ओणवे होण्याचा हट्ट मात्र सोडावा. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, लाकडी विटा, पट्टे आणि घडीची खुर्ची घेऊन आसने शिकवली ती यासाठीच. शरीर जिथवर जाते तिथे आधार आणून ठेवायचा, शरीराला फरफटत आधारापर्यंत न्यायचे नाही. माझ्या लेखी महाराष्ट्रात तयार झालेली व्यायामाची सगळ्यात शहाणी साधने हीच, आणि त्यातल्या बहुतेकांना सुतार आणि दोरवाला पुरतो.

एमआरआयच्या कागदावर ‘गादी सरकली’ असे वाचून अंथरूण धरणाऱ्यांसाठी एक आकडा. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या तपासण्यांचा 2015 साली एकत्र आढावा घेतला गेला. पन्नाशीतल्या साधारण 60 टक्के लोकांची गादी फुगलेली निघाली. कागद घाबरवतो, पण हालचाल बंद करायला तेवढे कारण पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर 2023च्या मार्गदर्शनात जुन्या कंबरदुखीसाठी व्यायाम सुचवला आहे आणि कमरेचे पट्टे नेमाने वापरू नका असे म्हटले आहे. आमच्या रांगेत जे पट्टा दागिन्यासारखा मिरवतात, त्यांना हे आवडणार नाही. अर्थात पाय बधिर पडला, पाऊल उचलेना, लघवी-शौचावरचा ताबा गेला, पडल्यावर दुखणे सुरू झाले किंवा सोबत ताप आला, तर यंत्र आणि सल्ला दोन्ही सोडून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे.

आणि सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे चालायला चांगली चप्पल किंवा बूट. ऑस्ट्रेलियात नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या 701 लोकांवर अभ्यास झाला. तो 2024 साली लॅन्सेटमध्ये आला. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत आठवड्यात पाच दिवस, अर्धा-अर्धा तास चालायला लावलेल्यांना पुन्हा दुखायला, मध्यक धरला तर, 208 दिवस लागले, बाकीच्यांना 112. तीस हजारांचे यंत्र घेऊन त्यावर टॉवेल वाळत घालण्यापेक्षा हे बरे. चालणे जमू लागले की मग रबरी पट्टा, आणि त्याच्याही पुढे जायचे असेल तरच क्रॉस ट्रेनर किंवा टेकूची सायकल, तीही फिजिओथेरपिस्टसमोर दहा मिनिटे चालवून पाहून.

गावासाठीही क्रम हाच असावा. आधी खड्डे नसलेली, दिवे असलेली, मध्ये बसायला टेकूचे बाक असलेली चालण्याची वाट. मग धरायला दांड्या, पाठीला आधार असलेली सायकल, आणि प्रत्येक यंत्रावर ते कोणी वापरू नये हे मराठीत लिहिलेली पाटी. ठेकेदाराकडून संचाची यादी येते तेव्हा ती तालुक्यातल्या एखाद्या फिजिओथेरपिस्टला दाखवायला ग्रामपंचायतीला एक फोन पुरतो. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तुमच्या गावची यादी वाचली गेली, तर चकती आणि सिट-अपचा बाक खोडून त्या पैशात चालण्याची वाट मागा, आणि ती मागणी इतिवृत्तात लिहून घ्या.