चूक एका अक्षराची



संगणक सुरू होईनासा झाला की आपल्याकडे एक उपाय ठरलेला असतो : सगळे पुसा आणि प्रणाली नव्याने भरा. हा उपाय मला पटत नाही. का, ते सांगतो.

बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक आहे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला; त्याच धर्तीवर लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स सुरू केली. अशा प्रणालींत बहुतेक सूचना साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेल्या असतात. 'एफएसटॅब' ही त्यांपैकीच एक. डिस्कचा कोणता भाग कोठे जोडायचा, हे सुरू होताना संगणक तिच्यात वाचतो.

नवी डिस्क जोडताना मी तिच्या ओळखक्रमांकातील एक अक्षर चुकीचे लिहिले. पुढच्या वेळी संगणक त्या अस्तित्वात नसलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहून काळ्या पडद्यावर थांबला. आत विद्यार्थ्यांच्या वर्षभराच्या प्रयोगांच्या नोंदी होत्या. सगळे पुसले असते तर त्याही गेल्या असत्या!

वास्तविक डिस्क शाबूत होती. आम्ही पेनड्राइव्हवरील दुसऱ्या लिनक्सने संगणक सुरू केला, आतली डिस्क त्याला जोडली, ती फाइल उघडली आणि अक्षर सुधारले. नोंदी जशाच्या तशा मिळाल्या.

मुलांनी हात लावला तर संगणक बिघडेल, ही शिक्षकांची भीती खोटी नाही. येथे तर शिकवणाराच चुकला. पण कपाटाला कुलूप लावून दुरुस्ती शिकता येत नाही. स्क्रू गेजने मोजण्यापूर्वी आपण शून्यत्रुटी पाहतो ना? तीच शिस्त येथे हवी. फाइल बदलण्यापूर्वी तिची प्रत ठेवा. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. संगणक बंद करण्यापूर्वी तपासा. 'माउंट -ए' ही आज्ञा दिली असती तर माझी चूक तेव्हाच दिसली असती.

शिक्षकांना एक विनंती : महत्त्वाचे काही नसलेल्या जुन्या संगणकावर, सत्रातून एकदा, ही फाइल मुद्दाम बिघडवा. प्रत जवळ ठेवा, आणि वर्गालाच ती दुरुस्त करू द्या.