संकटसमयी मुकी होणारी मराठी

विंडोज प्रणालीत मराठी निवडता येते, याचे आपण समाधान मानतो. ते फसवे आहे. ही मराठी मूळ इंग्रजीवर चढवलेला मुलामा आहे. अद्ययावतीकरण फसून लॅपटॉप सुरूच होईनासा झाला की तो मुलामा उडतो आणि दुरुस्तीचा पडदा इंग्रजीत बोलू लागतो.

त्या पडद्यावरचे निर्णय किरकोळ नसतात. 'अनइन्स्टॉल अपडेट्स' निवडल्यास नुकतेच बसलेले अपडेट निघते आणि पुष्कळदा यंत्र पूर्ववत चालते. 'रीसेट'मध्ये मात्र दोन वाटा आहेत : 'कीप माय फाइल्स' आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. दुसरी निवडली की त्या यंत्रातली वर्षानुवर्षांची कागदपत्रे, छायाचित्रे, हिशेब, सारे पुसले जाते. बिटलॉकरचे कुलूप असेल तर 48 अंकी किल्ली मागितली जाते. ती कोठे शोधावी, हेही इंग्रजीतच!

'एवढे इंग्रजी कोणालाही येते,' असे सांगितले जाते. 'एवढे कन्नड यायलाच हवे,' हा त्याचाच सख्खा भाऊ सीमाभागाने नोटिशीनोटिशीत अनुभवला आहे. गाऱ्हाणे देशात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत शासनापुढे मांडण्याचा हक्क संविधानाचा अनुच्छेद 350 देतो. तो खासगी कंपनीवर बंधनकारक नाही, हे मान्य. पण त्यामागचे तत्त्व तिलाही लागू पडते. अडलेल्या माणसाला त्याची भाषा सर्वाधिक लागते.

म्हणून ग्राहक या नात्याने आपली मागणी एकच असावी : सजावटीचे मेनू मागाहून, आधी दुरुस्तीचा पडदा मराठीत द्या. तोवर ती किल्ली आजच कागदावर उतरवून ठेवा.