डोंगरी टायर आणि डांबरी धंदा

एरंडोलला महामार्गाच्या कडेला घटकाभर उभे राहिले, तर गेल्या काही वर्षांत झालेला एक बदल सहज नजरेत भरतो. बाजार करणाऱ्या माणसाकडे पूर्वी ठरलेली शंभर सी.सी.ची गाडी असे. मागे गाठोडे, पुढे टाकीवर पोरगा, असा सगळा संसार त्या गाडीवर चाले. आता त्याच माणसाचा मुलगा उंच, मोठ्या पुढच्या चाकाच्या, डोंगरदऱ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीवर जळगाव आणि धुळे करताना दिसतो. रॉयल एनफील्डची हिमालयन २०१६ साली आली, हीरोची एक्सपल्स २०१९ साली आली, आणि मग अशा गाड्यांची सवयच लागली. या गाड्यांना 'ॲडव्हेंचर टूरिंग' म्हणतात.

आमचा या गाडीवर राग नाही. उलट तरसोद ते फागणे या टप्प्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे चालले, त्या काळात ज्यांनी वळणरस्ते आणि खड्डे रोज सोसले, त्यांच्या कंबरेला विचारा. लांब झोक्याचे शॉकॲब्सॉर्बर काय असतात ते तेव्हा कळले. मागे पत्र्याच्या पेट्या बसवल्या की कारागिराची हत्यारे किंवा कापडाचे नमुने नीट राहतात. धंद्याच्या माणसाने ही गाडी घेतली तर तिला चैन म्हणून हसण्याचे कारण नाही. आमची तक्रार आहे ती तिच्या टायरबद्दल, आणि ते निवडण्याच्या आमच्या लोकांच्या रीतीबद्दल.

आमचा भाचा फर्निचरचे काम करतो. गावोगाव जाऊन मापे घेणे, लाकूड पाहणे, काम बसवून देणे यात त्याचा दिवस जातो. गाडीचे मूळचे टायर झिजल्यावर त्याने चित्रात पाहून मोठमोठ्या रबरी ठोकळ्यांचे टायर बसवून आणले. गाडी दिसायला फारच मर्दानी झाली. जूनमधल्या पहिल्या सरीत पारोळ्याकडून येताना पुढची जीप एकदम थांबली. ब्रेक दाबता दाबता त्याने हँडल बाजूला घेतले आणि पुढचे चाक निसटले. जीव वाचला, पण उजवे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. घेतलेली दोन कपाटांची कामे दुसऱ्या मिस्तरीकडे गेली आणि त्यातले एक गिऱ्हाईक अजून परतलेले नाही. खाटेवर बसून तो एकच म्हणत होता, "मामू, टायर तर नवा होता!"

टायर नवा होता का, ते पुढे सांगतो. आधी ठोकळ्यांचे पाहू.

जितकी नक्षी खोल तितकी पकड जास्त, अशी आमच्याकडे ठाम समजूत आहे. ट्रॅक्टरचे मागचे चाक पाहून ती झाली असावी. चिखलात, वाळूत, सैल मुरुमात ती खरीही आहे, कारण तिथे ठोकळा जमिनीत रुततो आणि चावा घेतो. डांबर किंवा काँक्रीट मात्र टणक असते. त्यात काहीच रुतत नाही. तिथे पकड मिळते ती रस्त्याला टेकलेल्या रबरातून, आणि मोटारसायकलचे चाक रस्त्याला टेकते ते जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. त्या तळहातातही अर्धी जागा फटींची असली तर टेकणार काय? शिवाय उंच ठोकळा ब्रेकच्या वेळी वाकतो आणि वळणावर लचकतो. रोड टायरला चरे असतात ते पाणी बाहेर टाकण्यापुरते, बाकी सगळे रबर कामाला लागलेले असते. १२५ सी.सी.वरील सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून ए.बी.एस. सक्तीचे झाले. भाच्याच्या गाडीलाही ते होते. पण ए.बी.एस. चाक जाम होऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. टायरकडे नसलेली पकड ते कुठून आणणार?

म्हणून आमचे म्हणणे असे, की टायर घेण्यापूर्वी आठ दिवस एका चिठ्ठीवर लिहावे: आज गाडी किती किलोमीटर डांबरावर चालली आणि किती मातीवर. भाच्याकडून आम्ही हे नंतर करून घेतले. आठवड्याच्या तीनशे दहा किलोमीटरपैकी मातीवरचे निघाले बावीस. एरंडोलहून जळगाव तीसेक किलोमीटर, धुळे साठेक. कासोदा, भडगाव, चाळीसगाव धरून कन्नड घाट चढलात तरी डांबरच. सुरतेला कापडासाठी जाणारे कोंडाईबारीचा घाट ओलांडतात, तोही डांबरीच. मग बावीस किलोमीटरसाठी उरलेल्या दोनशे अठ्ठ्याऐंशी किलोमीटरवर जीव टांगणीला का लावायचा? ठोकळे डांबरावर भराभर झिजतात आणि पेट्रोलही जास्त लागते, हा तोटा वेगळाच. मेच्या उन्हात तर आपल्याकडचे डांबर तव्यासारखे तापते.

खुद्द कारखानदारानेही हा फरक मानलेला आहे. २०१९ साली हीरोने एकाच इंजिनावर दोन गाड्या आणल्या. एक्सपल्स २०० ला पुढे २१ इंची चाक आणि ठोकळ्यांचे टायर दिले, तर २००-टी ला दोन्हीकडे १७ इंची चाके आणि रोड टायर. दुसरी गाडी फारशी मिरवली नाही. आमच्या मते बाजार करणाऱ्याला तीच सोयीची होती.

आता ज्यांच्याकडे २१ इंची चाक आहे त्यांनी काय करावे? या मापात, म्हणजे ९०/९०-२१ मध्ये, निव्वळ रोड टायरची निवड फार थोडी आहे, हे कबूल केले पाहिजे. तेव्हा मधोमध सलग पट्टा असलेला, ठोकळे जवळजवळ बसलेले टायर मागावे, आणि दुकानात नसेल तर मागवून घ्यावे. 'आज हेच आहे, हेच बसवा' याला बळी पडू नये. पुढचा ठोकळ्यांचा आणि मागचा गुळगुळीत, अशी जोडी काहीजण लावतात. पैसे वाचवायचे असतील तर ते पुढच्या चाकावर वाचवू नयेत, हे आमचे स्पष्ट मत आहे, कारण मागचे घसरले तर माणूस पुष्कळदा सावरतो, पुढचे गेले की सावरायला वेळच नसतो. आणि १२० च्या जागी १४० चे रुंद टायर घालण्याचा शौक तर सोडूनच द्यावा. रिमची रुंदी वाढत नाही. टायर मात्र चिमटून बसते, वळताना गाडी जड होते आणि साखळीला घासण्याचीही भीती असते.

काही जण म्हणतील, तुम्ही महामार्गाची गोष्ट करता, आमचा धंदा शिवारात आहे. बोअरच्या मोटारी बसवणारे, शेळ्या-बकऱ्यांचा सौदा करणारे, केळीच्या बागेत जाणारे. त्यांचे खरे आहे. पावसाळ्यातली खान्देशची काळी माती रोड टायरला क्षणात माखून टाकते. चरे भरतात, मडगार्डखाली गोळा अडकतो आणि चाक फिरेनासे होते. ज्याचे निम्मे काम अशा रस्त्यावर आहे त्याने ठोकळ्यांचे टायर जरूर घ्यावे आणि डांबरावर आला की वेग आवरावा. पण एक अनुभवही सांगतो. काळ्या मातीचा खरा चिखल झाला की ठोकळ्यांचीही मात्रा फार चालत नाही. जाणते लोक त्या दिवशी गाडी डांबराच्या कडेला लावून पायी जातात.

मातीपेक्षा मोठा शत्रू आपल्याकडे काटा आहे. बाभळीचा काटा, कापलेल्या पऱ्हाटीचे खुंट, आणि महामार्गावर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून सुटलेली केसासारखी बारीक तार. तारांच्या आऱ्यांच्या चाकात बहुधा ट्यूब असते, आणि ट्यूबला भोक पडले की हवा भसकन जाते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतून बसला तरी हवा हळूहळू जाते आणि माणूस गावापर्यंत पोचतो. चाक ट्यूबलेसचे असेल तर प्रश्नच नाही. पण साध्या आऱ्यांच्या रिमवर ट्यूबलेस टायर चढवून ट्यूब काढून टाकली, तर आऱ्यांच्या भोकांतून हवा जाणारच. असे करून देणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

इथे आमच्या पंक्चरवाल्या बांधवांशी दोन शब्द बोलायचे आहेत. या रस्त्यावर टायरच्या कामात आपल्या लोकांचे हात पुष्कळ आहेत, आणि टॉमी मारण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण गाड्या बदलल्या, तसे काम थोडे बदलले पाहिजे. टायरच्या बाजूला फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो उलटा बसला तर पाणी फेकणारे चरे उलटे काम करतात. नव्या ट्यूबसाठी रिमची पट्टी तपासावी लागते, नाहीतर आऱ्याचे टोक आतून ट्यूब खाते आणि गिऱ्हाईक काट्याला शिव्या देते. २१ इंची ट्यूब दुकानात एक तरी ठेवावी. रात्री नऊ वाजता अडलेला माणूस ती ज्याच्याकडून घेतो, त्याचे दुकान जन्मभर विसरत नाही. आणि नवे टायर बसवल्यावर गिऱ्हाइकाला सांगावे, की पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालव, साच्यातून आलेला गुळगुळीतपणा अजून गेलेला नाही. हे सांगायला पैसा लागत नाही.

आता भाच्याच्या 'नव्या' टायरचे. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. भाच्याने एका शहरातल्या दुकानातून घेतलेल्या टायरचे आकडे आम्ही वाचले, तेव्हा ते बसवण्याच्या दिवशीच साडेचार वर्षांचे होते. पडून राहिलेले रबर कडक होते, आणि आमच्या भागातल्या पत्र्याच्या गोदामात ते किती तापत असेल हे सांगायला नको. वर नखाने दाबून पाहिले तर खूण उठत नव्हती. बिल नव्हते, म्हणून परत करता आले नाही. नऊ टक्के सूट मिळाली म्हणून बिल घेतले नाही, असे त्याने मान खाली घालून सांगितले.

जुना माल विकूच नये असे आम्ही म्हणत नाही, दुकानदारालाही भांडवल अडकवून चालत नाही. पण माल जुना आहे हे सांगून, भाव उतरवून विकावा. न सांगता विकणे हे मापात मारण्यासारखेच झाले. फरक इतकाच की मापात मारल्याने हाड मोडत नाही.

गिऱ्हाइकानेही चार गोष्टी स्वतः वाचाव्यात. सालाचे आकडे वाचावेत. आय.एस.आय.ची खूण पाहावी, ती आपल्या देशात टायरला सक्तीची आहे. मापाच्या पुढचा आकडा वजनाचा असतो: ५२ म्हणजे २०० किलो, ६० म्हणजे २५० किलो, ६४ म्हणजे २८० किलो. त्याच्या पुढचे अक्षर वेगाचे, 'पी' म्हणजे ताशी १५०, 'एस' म्हणजे १८०. आमची गाडी कधी १५० च्या वेगाने जात नाही, आणि जाऊही नये, पण वजनाचा आकडा आमच्या कामाचा आहे. दोन माणसे, दोन पेट्या, वर लोखंडी हत्यारे, एवढे सगळे मागच्याच चाकावर येते. मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचे टायर स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

हवेचे सांगून थांबतो. दुपारी चाळीस किलोमीटर चालवून आल्यावर काटा जास्त दाखवतो, म्हणून लोक हवा काढून टाकतात. दहा अंश तापमान वाढले की दीडेक पौंड दाब आपोआप वाढतो, ते गृहीत धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो आणि तो थंड टायरचा असतो. हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी पाहावी. ओझे किंवा मागे माणूस असेल तेव्हाचा आकडा वेगळा असतो. तो साखळीच्या बाजूच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात मिळतो. दाब मोजण्याचे छोटे यंत्र बाजारात दोन-तीनशे रुपयांना येते. भाच्याने ते घेतले आहे आणि फजरनंतर अंगणात तो पहिले तेच करतो. टायर बदलून आता सात महिने झाले. जुने दोन्ही त्याने विकले नाहीत, दुकानाच्या मागे ठेवले आहेत. कुणी मागायला आले तर आधी ते चार आकडे वाचून दाखवतो.