माणुसकीला कराराची जोड हवी

२०१५ च्या एप्रिलमध्ये येमेनवर बॉम्ब पडत असताना भारताने ‘ऑपरेशन राहत’मध्ये आपल्या ४,६४० नागरिकांबरोबर ४१ देशांच्या ९६० लोकांनाही बाहेर काढले. आपल्याला अभिमान वाटला, आणि तो वाटायलाच हवा. पण हे ९६० लोक कोणत्या हक्काने बाहेर पडले? हक्क कुठलाच नव्हता. विनंती झाली आणि भारताने ती मानली. माझे म्हणणे एवढेच, की ही मदत मर्जीवर न ठेवता भारताने शेजारी देशांशी लेखी करार करून ती पक्की करावी.

आपण कॅनडात राहणारे लोक. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानमधला अमेरिकी दूतावास निदर्शकांनी ताब्यात घेतला, तेव्हा निसटलेल्या सहा जणांना कॅनडाचे राजदूत केन टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसरा दिला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी कॅनडाने खरे पासपोर्ट काढले. त्यांत घालायच्या बनावट इराणी व्हिसाची तारीख मात्र चुकली. इराणी पंचांगाचा हिशेब नीट बसला नव्हता. फारसी वाचता येणाऱ्या एका कॅनेडियन अधिकाऱ्याच्या ते ध्यानात आले. चूक सुधारली आणि जानेवारी १९८० मध्ये सहाही जण सुखरूप बाहेर पडले.

असे धाडस क्वचितच घडते. माणसाच्या अडचणी मात्र रोजच्या असतात. पासपोर्ट चोरीला जातो, अपघात होतो, अटक होते, परदेशात मृत्यू होतो. तिथे धाडस नको, नियम हवा. तसा तो कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने १९८६ मध्ये केला. पापुआ न्यू गिनीत कॅनेडियन माणसाला ऑस्ट्रेलियाची कचेरी मदत करते. ठरावीक आफ्रिकी देशांत ऑस्ट्रेलियन माणसाला कॅनडाची. युरोपीय संघात तर हा नागरिकाचा हक्कच आहे. आपल्या देशाची वकिलात नसेल तिथे संघातल्या दुसऱ्या देशाच्या वकिलातीने स्वतःच्या नागरिकाइतकीच मदत करायची, खर्च त्याच्या सरकारकडून वसूल करायचा.

दक्षिण आशियात अशी तरतूद नसल्याने काय होते? २००४ च्या ऑगस्टअखेर इराकमध्ये ओलीस ठेवलेल्या १२ नेपाळी कामगारांची हत्या झाली. बगदादमध्ये नेपाळची वकिलात नव्हती. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या एका गटाच्या ताब्यातले तीन भारतीय ट्रकचालक सुटले. त्यांच्यासाठी वाटाघाटी करायला भारताने अनुभवी राजदूत पाठवला होता. करार असता तर ते नेपाळी वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्यासाठी कुणी बोलायचे, हा प्रश्न तरी आधीच सुटलेला असता.

कोणी म्हणेल, आपल्या वकिलातींना आपलेच काम आवरत नाही, त्यात परक्यांची भर कशाला? म्हणूनच यादी आखडती ठेवावी: तात्पुरता प्रवास दाखला, तुरुंगात भेट, रुग्णालयात विचारपूस, मृतदेह मायदेशी पाठवणे. खर्चाची भरपाई करारातच लिहावी. यजमान देश मानेल का, ही शंका रास्त आहे. पण वाणिज्यदूतांच्या कामाविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारात यासाठी वाट आहे. यजमान देशाला कळवायचे. त्याने हरकत घेतली नाही, तर काम सुरू करता येते.

दोन देशांचे बिनसले की वेळ हातून जाते, हेही आपण पाहिले आहे. १९७१ च्या युद्धात भारत-पाकिस्तान संबंध तुटले, तेव्हा दोघांचेही हितसंबंध १९७६ पर्यंत स्वित्झर्लंडने सांभाळले. २०२३ मध्ये भारत-कॅनडा वादात मुंबईतल्या कॅनडाच्या कचेरीतली प्रत्यक्ष सेवा थांबली, त्याची झळ आपल्याच माणसांना लागली. भांडण सरकारांचे असते, पासपोर्ट हरवलेला माणूस त्यात कुठेच नसतो. म्हणून अशी व्यवस्था संबंध चांगले असतानाच करून ठेवायची असते.

इथली आपली मराठी मंडळे अडल्यानडल्याला धावून जातात. कुणाकडे दुःखद घटना घडली की वर्गणी जमते, डबे पोचतात, विमानतळावर माणसे उभी राहतात. पण तुरुंगाधिकारी मंडळाच्या अध्यक्षाला आत सोडत नाही. तिथे वाणिज्यदूतच लागतो. म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत या मागणीचा ठराव करून तो ओटावातल्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे पाठवावा, असा माझा आग्रह आहे. येमेनमध्ये भारताने आपले मन दाखवले आहे. आता ते कागदावर उतरवून त्याखाली सही करावी.