एकोणचाळीस अंकांची मूळ संख्या

ज्या संख्येस १ व ती स्वतः यांखेरीज अन्य कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही तिला मूळ संख्या म्हणतात, हे वाचक जाणतातच. ३१ ही मूळ संख्या आहे, हे शाळकरी मूलही भागाकार करून दाखवील. परंतु पुढील संख्या पाहावी :

१७,०१,४१,१८,३४,६०,४६,९२,३१,७३,१६,८७,३०,३७,१५,८८,४१,०५,७२७

२ च्या १२७ व्या घातातून १ वजा केला असता ही संख्या मिळते. मारँ मेर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती यतीने १६४४ मध्ये अशा संख्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत ही संख्या मूळ म्हणून नमूद होती. सिद्धता मात्र नव्हती. ती भागाकाराने द्यावी म्हटले, तर वर्गमूळापर्यंतचे भाजक तपासावे लागतात, आणि येथे वर्गमूळच वीस अंकी! मनुष्याचे आयुष्य त्यास कसे पुरावे?

१८७६ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी निराळा मार्ग काढला. १९३० मध्ये लेहमर यांनी त्यास दिलेले सुटसुटीत रूप ३१ वर, म्हणजे २ च्या ५ व्या घातातून १ वजा केलेल्या संख्येवर, पडताळून पाहू. आरंभ ४ ने करावा. त्याचा वर्ग करून २ वजा करावे, उत्तरास ३१ ने भागून बाकी घ्यावी, आणि त्या बाकीवर पुन्हा तीच क्रिया करावी. घातांकाहून दोन कमी, म्हणजे येथे तीन आवर्तने करावयाची. बाक्या येतात १४, ८ आणि ०. अखेर शून्य आले, म्हणून ३१ मूळ! घातांक विषम मूळ संख्या असला, की हा नियम लागू पडतो. अखेर शून्य न आल्यास ती संख्या मूळ नव्हे. आपल्या प्रचंड संख्येस अशी १२५ आवर्तने पुरतात. संभाव्य भाजकांपैकी एकालाही हात न लावता, भाजक नाहीत हे निःसंशय ठरते.

याची दुसरी बाजूही तितकीच नवलाची आहे. मेर्सेनच्या यादीत ६७ हा घातांकही होता. त्यापासून होणारी संख्या मूळ नाही, हे ल्युका यांनीच दाखविले. पण तिचे अवयव कोणते, हे त्यांना सांगता आले नाही. १९०३ मध्ये अमेरिकन गणिती फ्रँक कोल यांनी ते शोधले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. अवयव आहेत हे जाणणे एक, ते हाती लागणे दुसरे!

ल्युका यांची संख्या १९५१ पर्यंत ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी होती. पुढे गणकयंत्रे आली. कसोटी मात्र तीच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्येची खातरजमाही तिनेच झाली.

उत्सुक वाचकांनी २ च्या ७ व्या घातातून १ वजा करून येणारी १२७ ही संख्या घरी तपासून पाहावी. पाच आवर्तनांत १४, ६७, ४२, १११ आणि ० अशा बाक्या आल्या, तर गणित बिनचूक झाले असे समजावे.