दर काय ठरलाय?

माझा मावसभाऊ तळोजा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत कंत्राटी हेल्पर आहे. बारा तासांची शिफ्ट. दिवाळीनंतर तो आमच्याकडे, फेज वनच्या घरी राहायला आला. रात्री जेवण झालं की अंथरुणावर आडवा होतो आणि फोनवर टकटक सुरू. मला वाटायचं गेम खेळतोय. एका रात्री त्यानेच विषय काढला. "दादा, तू सॉफ्टवेअरवाला ना? ते एअरड्रॉपचं मला नीट शिकव की. फुकट पैसे कशाला सोडायचे?"

आप्पा, म्हणजे माझे वडील, शेजारी टीव्ही बघत होते. आप्पांनी कळंबोलीच्या लोखंड बाजारात २८ वर्षं माथाडी म्हणून काम केलंय. टीव्हीवरची नजर न हलवता त्यांनी विचारलं, "दर काय ठरलाय?"

"कसला दर, काका? फुकट असतं ते."

"रोज दोन तास काम करतोयस ना? मग दर काय?"

मावसभाऊ हसला. मी नाही हसलो. कारण हेच काम मी चौदा महिने केलंय आणि हा एक साधा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. तेही इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन.

तर हा लेख एअरड्रॉपमध्ये नवीन असलेल्यांसाठी. ते कसं करतात तेही सांगतो, आणि त्याला 'कमाई' म्हणणं का खोटं आहे तेही. आधी कसं ते बघू.

एखादा नवा क्रिप्टो प्रकल्प स्वतःचं टोकन काढणार असतो. पण रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक शिरत नाही. गुंतवणूकदारांना आणि एक्स्चेंजना दाखवायला गर्दी लागते: इतके लाख वॉलेट, रोजचे इतके व्यवहार. मग प्रकल्प सूचकपणे सांगतो की आमचं ॲप वापरा, पॉइंट मिळवा, पुढे काहीतरी मिळेल. तुम्ही मेटामास्कसारखं वॉलेट उघडता. या नेटवर्कवरून त्या नेटवर्कवर पैसे हलवता, एक टोकन देऊन दुसरं घेता, रोज हजेरी लावता, एक्सवर फॉलो करता, डिस्कॉर्डवर गुड मॉर्निंग घालता. ब्लॉकचेनवरच्या प्रत्येक व्यवहाराला शुल्क पडतं, त्याला गॅस म्हणतात. मग एका तारखेला प्रकल्प यादी गोठवतो, तिला म्हणतात स्नॅपशॉट. यादीत तुमचा पत्ता असेल तर टोकन मिळतात. झाला एअरड्रॉप.

आता या धंद्याची दंतकथा. सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॅपने, १ सप्टेंबरपूर्वी ज्यांनी ज्यांनी त्यांचं एक्स्चेंज वापरलं होतं त्या प्रत्येक पत्त्याला ४०० टोकन दिले. मे २०२१ मध्ये एका टोकनचा भाव ४० डॉलरच्या वर गेला. म्हणजे ज्याने तोवर ते धरून ठेवले, त्याच्या हातात तेव्हाच्या हिशेबाने साधारण बारा लाख रुपये. हे खरं आहे. प्रत्येक मराठी यूट्यूब गुरू आपल्या पहिल्या व्हिडिओत हीच गोष्ट सांगतो.

तो एक गोष्ट सांगत नाही. त्या लोकांना बक्षीस मिळणार आहे हे माहीतच नव्हतं. त्यांना टोकन बदलून हवे होते म्हणून त्यांनी ॲप वापरलं होतं. शेतात चालताना सोन्याचं नाणं सापडणं वेगळं आणि नाणं सापडेल म्हणून गावाने रोज शेत खणत बसणं वेगळं. बक्षिसाची बातमी फुटली त्या दिवशी ते बक्षीस राहिलं नाही. ती मजुरी झाली, आणि तिचा दर मालक काम झाल्यावर, एकटाच ठरवतो.

याचे पुरावे सगळ्यांसमोर आहेत. मे २०२४ मध्ये लेअरझिरोने जाहीर केलं की बक्षिसासाठी एकाच माणसाने अनेक वॉलेट चालवली असतील तर स्वतःहून कबूल करा, वाट्यातले १५ टक्के देऊ. आम्ही पकडलं तर शून्य. जूनमध्ये प्रत्यक्ष टोकन वाटायची वेळ आली तेव्हा नवी अट आली: प्रत्येक टोकनमागे १० सेंट देणगी द्या, तरच टोकन हातात पडेल. देणगी चांगल्या कामाला होती, मान्य. पण महिनोन्‌महिने काम करून घेतल्यावर पगाराच्या खिडकीत लावलेली ती अट होती. खिडकीच्या या बाजूला उभ्या असलेल्यांना कुणी विचारलं होतं?

आणि तो हॅमस्टर. २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगमधली निम्मी पोरं त्या उंदराला बोटाने बडवत होती. २६ सप्टेंबर २०२४ ला हॅमस्टर कॉम्बॅटचा एअरड्रॉप झाला. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे १३ कोटींवर लोक पात्र ठरले आणि २३ लाख खाती फसवेगिरीच्या नावाखाली बाद झाली. खेळाडूंच्या वाट्याला ६० अब्ज टोकन, म्हणजे माणशी सरासरी साडेचारशेच्या आसपास. पहिल्या दिवशीचा भाव सुमारे एक सेंट. गुणाकार करा. सहा महिन्यांच्या टकटकीचे पावणेचारशे-चारशे रुपये. नंतर भाव आणखी घसरला.

आता माझा स्वतःचा हिशेब. प्रकल्पांची नावं सांगत नाही, कारण मुद्दा त्यांचा नाही. चौदा महिने, पाच वॉलेट, रात्रीचा सरासरी एक तास. एकूण ४०० तास धरा. गॅस आणि इकडून तिकडे पैसे हलवण्याचं शुल्क मिळून ४१ हजार रुपये गेले. दोन प्रकल्पांचे टोकन मिळाले, ते ६८,५०० रुपयांना विकले. बाकीच्यांनी यादीत घेतलंच नाही, कारणही दिलं नाही. मित्रांना मी सांगायचो, "साडेअडुसष्ट हजार कमावले." स्क्रीनशॉटही टाकला होता.

मग आयकर आला. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२. खरेदी किंमत सोडली तर कुठलाही खर्च वजा होत नाही. एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता होत नाही. माझ्या सीएने फुकट मिळालेल्या टोकनची खरेदी किंमत शून्य धरली आणि गॅसच्या खर्चाकडे बघितलंही नाही. कर बसला २१,३७२ रुपये. खर्च आणि कर वजा जाता उरले ६,१२८. भागिले ४०० तास. तासाला पंधरा रुपये.

आप्पांना हा आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "एवढ्यात आम्ही सळई पण उचलली नसती."

हे ते सहज म्हणू शकतात, कारण त्यांच्यासाठी कुणीतरी भांडलं होतं. मुंबईच्या बाजारांतल्या हमालांना एकेकाळी ठरलेला मालक नव्हता. आज या व्यापाऱ्याचं पोतं, उद्या त्या व्यापाऱ्याचं. त्यामुळे ते कुणाचेच कामगार नव्हते, आणि कुणी मजुरी बुडवली तर तक्रार कुणाकडे करायची तेही ठरलेलं नव्हतं. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने बोर्डाकडे नोंदणी करायची, दर आधी ठरलेला असणार, मजुरी बोर्डात भरायची, वर भविष्यनिर्वाह निधी, बोनस वगैरेंसाठी लेव्ही भरायची. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणारेही पुढे निघाले, हे आम्हा नवी मुंबईकरांना कुणी सांगायला नको. पण ज्या तत्त्वावर माझी फी भरली गेली ते तत्त्व साधं आहे: काम कुणा एकाचं नसलं तरी दर आधी ठरतो.

एअरड्रॉप करणारा पोरगा म्हणजे १९६९ च्या आधीचा हमाल आहे. आज या प्रकल्पाचं ओझं, उद्या त्या. मालक केमन बेटांवर की दुबईत, पत्ता नाही. आणि मध्ये मुकादम आहेच: टेलिग्रामवरचा गुरू. "लिंक बायोमध्ये आहे भावांनो" म्हणतो ती लिंक त्याची रेफरल लिंक असते. तुमच्या प्रत्येक टकटकीतला वाटा त्याला मिळतो, तुम्हाला टोकन मिळो न मिळो. जुना मुकादम निदान टोळीसोबत उन्हात उभा असायचा.

"पण दादा, कंपनी टोकन देते ते खरेच असतात ना?" खरे असतात. प्रश्न असा की ते छापतं कोण. युनिस्वॅपसारख्या नावाजलेल्या प्रकल्पानेही सुमारे ४० टक्के टोकन स्वतःची टीम, गुंतवणूकदार आणि सल्लागारांसाठी ठेवले होते. भाव वर असताना विकायला सर्वांत मोठा साठा कुणाकडे आहे ते लक्षात घ्या. टोक बघायचं असेल तर आपल्याच महाराष्ट्रात गाजलेलं गेनबिटकॉइन आठवा. अमित भारद्वाजच्या त्या योजनेत महिन्याला १० टक्के बिटकॉइन परताव्याचं आमिष होतं. पुढे लोकांच्या हातात बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं घरचंच नाणं ठेवलं गेलं. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये त्याला अटक केली. २०२२ मध्ये तो वारला, प्रकरण अजून चाललंय. प्रत्येक एअरड्रॉप घोटाळा असतो असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की देणारा स्वतःच नोटा छापत असेल तर 'फुकट' या शब्दाला अर्थ उरत नाही.

तरीही करणार असाल, तर चार गोष्टी पाळा. एक, एअरड्रॉपसाठी वेगळं वॉलेट ठेवा, त्यात गेले तरी चालतील एवढेच पैसे. दोन, वॉलेटचे ते १२ किंवा २४ शब्द म्हणजे घराची किल्ली. ते कुठल्याही वेबसाइटला, 'सपोर्ट टीम'ला, गुरूला द्यायचे नाहीत, फोनमध्ये फोटोही काढून ठेवायचा नाही. तीन, 'क्लेम करा' म्हणणाऱ्या लिंकवर सही करण्याआधी थांबा. एका चुकीच्या परवानगीने पूर्ण वॉलेट रिकामं होतं आणि ते परत आणणारी बँक नसते. चार, टोकन टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाला विकू नका. त्याने पाठवलेले पैसे सायबर गुन्ह्यातले निघाले तर तुमचं पगाराचं खातं गोठतं. आणि पहिल्या दिवसापासून वहीत दोन रकाने ठेवा: किती तास, किती खर्च.

हे सगळं मी मावसभावाला सांगितलं. तो ऐकून घेतो, वाद घालत नाही. शेवटी म्हणाला, "दादा, बरोबर आहे तुझं. पण माझा कंत्राटदार तरी कुठे आधी सांगतो? ओव्हरटाइमचं 'बघू' म्हणतो. मोबाईलवर निदान शिव्या तरी बसत नाहीत."

याला माझ्याकडे चलाख उत्तर नव्हतं. एअरड्रॉप चालतो तो लोभावर नाही. बारा तास राबून पगारवाढीची आशा नसलेल्या पोराला कुठेतरी आपल्या कष्टाचं मोल होईल असं वाटतं, त्यावर तो चालतो. ती आशा खोटी नाही, ती चुकीच्या दारात उभी आहे. दूरच्या मालकाला आपण तोंडही दाखवू शकत नाही. कंत्राटदार निदान गेटवर भेटतो.

त्या रात्री आम्ही त्याच फोनवर उमंग ॲप उघडलं आणि त्याचं पीएफचं पासबुक काढलं. पगारातून दर महिन्याला पैसे कापले जात होते. पासबुकात शेवटचे चार महिने कोरे होते.

आप्पा चष्मा लावून आले. "हा घ्या तुमचा एअरड्रॉप," म्हणाले.

आम्ही पगाराच्या स्लिपांचे फोटो काढले आणि ईपीएफओच्या पोर्टलवर तक्रार टाकली. त्याच्या लाइनवरच्या आणखी सहा जणांनी दुसऱ्या दिवशी आपापली पासबुकं उघडली. अजून पैसे आलेले नाहीत, कंत्राटदाराने मात्र 'बघू' म्हणणं बंद केलंय. मावसभावाच्या फोनमध्ये एक टॅप करायचं ॲप अजून आहे, मी पुसायला सांगितलेलं नाही.

पण तुम्ही जर कंत्राटावर कुठे कामाला असाल, तर आज रात्री कुठलाही पॉइंट गोळा करायच्या आधी ते पासबुक उघडा. त्या पैशांचा दर ठरलेला आहे, कायद्याने ठरलेला, आणि ते आधीच तुमचे आहेत.